अंदमानला पहिल्यांदा चाललाय? हॉटेल राहू द्या, आधी बोटीचं बघा

अगं तू अंदमानला दोनदा जाऊन आलीस ना, मग जरा प्लॅन सांग की, असे फोन गेल्या काही महिन्यांत इतके आलेत की तेच तेच सांगून घसा बसलाय माझा, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. आता कोणी विचारलं की हेच पाठवणार.

आधी मुद्द्याचं. आपण कोकणात किंवा गोव्याला जातो तेव्हा हॉटेल बुक करतो आणि बाकीचं तिथे पोचल्यावर बघू म्हणतो. अंदमानात ते जमत नाही. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला बोट लागते, बोटीच्या वेळा ठरलेल्या, सीटा मोजक्या, आणि समुद्र खवळला की त्याही बंद. त्यामुळे सगळा प्लॅन बोटीवर ठरतो. पहिल्या ट्रिपला आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा भुर्दंड कसा बसला ते पुढे येईलच.

कधी जायचं

दरवर्षी मे महिन्यात टीव्हीवर "मान्सून अंदमानात दाखल" अशी बातमी येते आणि आपण इकडे घामाघूम होऊन खूश होतो ना, ती बातमी तिथे फिरायला गेलेल्यांसाठी मात्र वाईट असते. साधारण २० मेच्या आसपास पाऊस तिथे पोचतो, म्हणजे केरळच्याही आधी, आणि आपल्यासारखा सप्टेंबरला आटोपत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा, म्हणजे ईशान्येकडचा पाऊस असतो, आणि बंगालच्या उपसागरात वादळंही त्याच सुमारास होतात. आता गंमत बघा, आपल्या शाळांना सुट्ट्या कधी? दिवाळीत आणि मे महिन्यात. म्हणजे बरोब्बर चुकीच्या वेळी.

माझं मत विचाराल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर, बस. समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं, आणि नाताळची गर्दी ओसरलेली असते. शाळेमुळे जमत नसेल तर एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या संपल्या निघा, उकडेल, पण बोटी तरी चालू असतील. दिवाळीत जायचंच असेल तर जा, लोक जातात, फक्त एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा आणि पावसाची तयारी ठेवा.

किती दिवस आणि कुठे कुठे

आठशेच्या वर बेटं आहेत, त्यातल्या अगदी थोड्यांवर माणसं राहतात आणि आपण जाणार त्यातल्या तीन-चारवर. निकोबार यात धरू नका, तिकडे पर्यटकांना असं सहज जाता येत नाही. अंदमानला भारतीयांना परमिट वगैरे काही लागत नाही, आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं, पण ते सगळ्यांचं लागतं, लहान मुलांचंसुद्धा, कारण बोटीत चढतानाही बघतात. घरातल्या कोणाचा पासपोर्ट परदेशी असेल, म्हणजे अमेरिकेतला भाऊ वगैरे सोबत येणार असेल, तर त्याचे नियम वेगळे आहेत, ते त्याने तिकीट काढायच्या आधीच बघावेत.

नावांचा घोळही आधीच समजून घ्या, नाहीतर बुकिंग करताना गोंधळ उडतो. हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही नावं २०१८ च्या डिसेंबरात बदलली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं. बोलताना जुनी नावं अजून चालतात त्यामुळे मीही इथे तीच वापरतेय, पण तिकिटावर नवीन नाव दिसलं की "अरे हे कुठलं भलतंच तिकीट काढलं" म्हणून घाबरू नका.

पहिल्या वेळेला सहा रात्री धरा. पहिली पोर्ट ब्लेअरला, मग दोन हॅवलॉकला, एक नीलला आणि शेवटच्या दोन परत पोर्ट ब्लेअरला. जवळ एखादा दिवस जास्त असेल तर तो हॅवलॉकला द्या. पाच रात्रींत सगळं बसवणारे प्लॅन मिळतात, पण त्यात तुम्ही नुसतं बॅगा उचलत फिरता. दिगलीपूर, लिटल अंदमान हे सगळं पुढच्या वेळी, दिगलीपूरला तर रस्त्याने जायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत.

विमान

मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबाद असं कुठेतरी बदलावं लागतं. चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढे दोन-सव्वादोन तास. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, वेगवेगळी काढली तर थोडं स्वस्त पडेल कदाचित, पण पहिलं लेट झालं आणि दुसरं गेलं तर तुम्हाला कोणी विचारणार नाही. आणि सकाळी लवकर पोचणारं घ्या, कारण काय ते पुढच्याच परिच्छेदात. जहाजानेही जाता येतं, चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी जहाजं आहेत, पण साधारण तीन दिवस समुद्रात जातात, तेव्हा रिटायर झाल्यावर बघा.

तर सकाळी का. घड्याळ आपलंच असतं पण सूर्य त्यांचा असतो. अंदमान इतकं पूर्वेला आहे की मुंबईपेक्षा सूर्य तिथे जवळजवळ सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबरमध्ये पाच वाजून गेले की सूर्य बुडालेला असतो आणि साडेपाच-पावणेसहाला मिट्ट काळोख. आम्ही पहिल्या दिवशी दुपारी जेवून मस्त ताणून दिली, पाचला उठून चहा घेतला, म्हटलं चला आता बीचवर, आणि बाहेर येऊन बघतो तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. आई म्हणाली, अगं संध्याकाळ गेली कुठे? तिथे सकाळी साडेचार-पाचला उठायचं आणि दुपारी चारला "संध्याकाळ झाली" असं समजायचं, हे एकदा अंगवळणी पडलं की दिवस भरपूर मोठा वाटतो.

बोटी

आता खरी गोष्ट. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या तिघांमध्ये दोन प्रकारच्या बोटी चालतात. सरकारी बोट स्वस्त, पण हळू, आणि तिची तिकिटं मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळण्यासारखं, स्थानिक लोकांचं तर सगळं येणंजाणंच तिच्यावर आहे. दुसऱ्या खाजगी, एसी, वेगवान, मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी बोटीने दीड-दोन तास, हॅवलॉक ते नील तासाभरात. भाडं माणशी हजार-बाराशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत, बोट कुठली आणि सीट कुठली त्यावर.

क्रम असा ठेवा: विमान पक्कं झालं की लगेच बोटींची तिकिटं, तिन्ही टप्प्यांची एकदम, आणि बोटीच्या वेळा हातात आल्यावर मग हॉटेल. शक्य तेवढ्या सकाळच्या बोटी घ्या, कारण दुपारची बोट म्हणजे तो दिवस गेलाच. तिकिटावर जेट्टीचं नाव नीट वाचा, पोर्ट ब्लेअरला एकाहून जास्त जेट्ट्या आहेत आणि रिक्षावाल्याला नुसतं "जेट्टी" म्हटलं की तो त्याला वाटेल तिथे नेतो. तासभर आधी पोचा, विमानतळासारखं सामान तपासतात, मोठी बॅग वेगळी ठेवून घेतात, त्यामुळे पैसे, मोबाइल, औषधं हातातल्या पिशवीत.

बोट लागते का? ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना ही लागणारच. या वेगवान बोटी बंद असतात, सगळ्यांतच बाहेर डेकवर जाऊन उभं राहता येतं असं नाही, आणि समोरच्याला उलटी व्हायला लागली की आपल्यालाही व्हायला लागते. अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्या, पोटात इडलीसारखं हलकं काहीतरी असू द्या, खालच्या मजल्यावर मधल्या किंवा मागच्या बाजूची सीट घ्या, आणि मोबाइलमध्ये डोकं घालू नका. माझ्या नवऱ्याने "मला काही होत नाही" म्हणून वडापाव खाऊन बोट पकडली. वडापाव तिथेही मिळतो म्हणून आनंद झाला होता त्याला. असो.

आणि आता तो भुर्दंड. पहिल्या वेळी एका एजंटाने आम्हाला प्लॅन करून दिला होता, त्यात नीलहून पोर्ट ब्लेअरला परत यायची बोट शेवटच्या दुपारची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. कागदावर एकदम बरोबर दिसत होतं. डिसेंबरचा महिना, दोन दिवस ढगाळ, आणि आमच्या बोटीच्या दिवशी सकाळी जेट्टीवर सांगितलं की समुद्र खवळलाय, आज एकही बोट सुटणार नाही. कोणाची चूक नव्हती. पण नील हे एवढंसं बेट, तिथून निघायला दुसरा मार्गच नाही. एक रात्र जास्त राहिलो, विमान गेलं, चार माणसांची नवी तिकिटं ऐनवेळच्या भावाने काढली आणि तो आकडा मी अजून आईला सांगितलेला नाही. बोटीचे पैसे परत मिळतात हो, विमानाचे कोण देणार! म्हणून शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरलाच. बोट एक दिवस चुकली तरी विमान चुकत नाही.

पहिला दिवस, सेल्युलर जेल

पोचल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल ठेवा, फक्त तो दिवस सोमवार नको, सोमवारी बंद असतं. संध्याकाळी तिथेच लाइट अँड साउंड शो असतो, त्याचं तिकीट वेगळं आणि सीझनला लवकर संपतं, तेव्हा आधी काढून ठेवा. हिंदीचा कुठला आणि इंग्रजीचा कुठला तेही बघून घ्या.

१८९६ ते १९०६ या दहा वर्षांत हे जेल बांधलं. मधे मनोरा आणि त्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघालेल्या, तीन मजली, सगळ्या मिळून जवळजवळ सातशे कोठड्या. आता त्यातल्या तीनच इमारती उरल्यात, पाडलेल्यांच्या जागेवर सरकारी हॉस्पिटल आहे. रचना अशी की एका इमारतीच्या कोठड्यांची दारं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोर माणूस दिसायलाच नको.

गाइड घ्या, खरंच घ्या. आमच्या गाइडने बाबांना एका कोठडीत उभं केलं, दार लावलं आणि म्हणाला, अब खोलिए. कडी लोखंडी, लांब, बाहेरून भिंतीत आत ओढून घेतलेली, आणि कुलूप त्या भिंतीतल्या खोबणीत, दारापासून हातभर लांब. बाबांनी गजांतून हात बाहेर काढला, खांद्यापर्यंत काढला, गाल गजांना चिकटला, बोटं नुसती हवेत. मग हसतच हात आत घेतला पण नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाला आहे, बाकीच्यांना एक दार आणि त्यांना दोन. ४ जुलै १९११ ला त्यांना इथे आणलं आणि १९२१ पर्यंत ते इथे होते. थोरले भाऊ बाबाराव त्यांच्याही आधीपासून याच जेलमध्ये. मराठी मंडळी तिथे हमखास भेटतात, चपला बाहेर काढून आत जाणारे, कोपऱ्यात बसून राहणारे, कोणीतरी हळू आवाजात कविता म्हणणारं. खाली कोलू आहे, तेलाचा घाणा, बैलाच्या जागी माणूस जुंपायचे, दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. मुलांना तो दांडा ढकलून बघावासा वाटतो, पण हात लावू नका. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं कोरलीत, बंगाल आणि पंजाबच्या नावांची रांग संपत नाही, ती वाचायला थोडा वेळ ठेवा, आपल्याकडची बरीच मंडळी सावरकरांची कोठडी बघून तशीच खाली उतरतात.

हॅवलॉक

हॅवलॉकला उतरलं की स्कूटर भाड्याने घ्या, दिवसाला पाचशे-सहाशे, लायसन्स मूळ हवं. घ्यायच्या आधी गाडीच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढून ठेवा म्हणजे परत देताना ओरखड्यांवरून वाद नको. पेट्रोल टाकीत आहे ना तेही बघा. स्कूटर चालवता येत नसेल तर रिक्षा-टॅक्सी आहेत, पण बसायच्या आधी पैसे ठरवा, ओला-उबरच्या भरवशावर राहू नका.

बीचना तिथे नंबर आहेत. हॉटेलं बहुतेक ३ आणि ५ नंबरला, गोविंदनगर आणि विजयनगर. दिसायला सुंदर, पण ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोहायचं सोडा, गुडघ्यापर्यंतही मिळत नाही, नुसते खडक. बुकिंगच्या फोटोत हे कोणी दाखवत नाही. पोहायचं ते राधानगरला, ७ नंबर, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर. पांढरी मऊ वाळू, मागे उंच जंगल, आणि पाण्याचा रंग असा की फोटोत खोटा वाटतो. २००४ मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं तेव्हापासून सगळेच तिकडे धावतात. पण बीच लांबलचक आहे, दहा मिनिटं चाललात की गर्दी मागे राहते. सूर्यास्त बघायला चारलाच जाऊन बसा. लाइफगार्डची शिट्टी झाली की बाहेर या, पाण्याला ओढ असते, आणि अंधारात कोणाला पाण्यात राहू देत नाहीत ते बरोबरच आहे. मगरींच्या पाट्या दिसतील, त्या शोभेला लावलेल्या नाहीत, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरंच आहेत, जिथे पाटी आहे तिथे आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं नाही, विषय संपला.

एलिफंट बीच स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर उलटं पडायचं आणि खालचं बघायचं. जेट्टीवरून छोट्या बोटीने जातात, किंवा जंगलातून चालत, सकाळचं जा. प्रवाळ बघायचे असतात, त्यावर उभं राहायचं नसतं, एवढं मुलांना आधीच सांगून ठेवा, वर्षाला जेमतेम बोटाच्या पेराएवढे वाढतात ते. २००४ ची त्सुनामी आणि नंतर पाणी तापून पांढरे पडलेले प्रवाळ यामुळे बऱ्याच ठिकाणी ते मेलेत, त्यामुळे यूट्यूबवर दिसतं तसं सगळीकडे रंगीबेरंगी मिळेल अशी अपेक्षा नको. मासे मात्र भरपूर.

आणि स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं. मला पोहता येत नाही, आणि तरी मी केलं, म्हणून सगळ्यांना सांगत सुटलेय. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी असतं त्याला ट्राय डाइव्ह म्हणतात, साडेतीन-साडेचार हजारांच्या आसपास, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. आधी एक फॉर्म भरून घेतात, दमा, हृदयाचा त्रास, बीपी, कानाचं दुखणं, सर्दीसुद्धा, त्यात खोटं लिहू नका, पैसे भरलेत म्हणून तर अजिबात नाही. मग कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायची प्रॅक्टिस. पहिली दोन मिनिटं जीव घाबरतो, नाक बंद आहे हे डोक्याला कळतं पण शरीराला पटत नाही. कान दुखले की नाक चिमटीत धरून हवा दाबायची, दुखेपर्यंत थांबायचं नाही. आणि खुणा नीट शिकून घ्या. खाली गेल्यावर निळ्या-पिवळ्या माशांचा एक थवा माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मी आनंदाने अंगठा वर केला, तर त्या इन्स्ट्रक्टर मुलाने मला सरळ वर आणलं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, "मला वर न्या". मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. परत खाली नेलं बिचाऱ्याने.

स्कूबानंतर किमान १८ तास, जमल्यास २४, विमानात बसायचं नसतं. तेव्हा शेवटच्या दिवशी ठेवू नका. तसंही शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला असाल तर हा प्रश्नच येत नाही.

नील

नील छोटं, निवांत, सायकलवर फिरण्यासारखं. बीचची नावं भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, एका गावाचं नाव रामनगर, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं होतं. शेती आहे, भाजी इथून बाकीच्या बेटांवर जाते. नीलला जाऊन धावपळ करायची नाही, सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, मधे भरतपूरला पाण्यात डुंबणं, झालं.

एक गोष्ट मात्र वेळेत बसवावी लागते. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या बाजूला समुद्राने कोरलेली दगडी कमान आहे, हावडा ब्रिज म्हणतात तिला, ती ओहोटीलाच नीट बघता येते. भरतीत तिथपर्यंत जायला वाट राहत नाही, आणि ओहोटीत खडकांमधल्या डबक्यांत खेकडे, छोटे मासे, काय काय दिसतं. आमच्या रत्नागिरीच्या मामाने फोनवर तिथीच्या पाऊणपटीचा, म्हणजे तिथीवरून भरतीची वेळ काढायचा, हिशेब करून वेळ सांगितली होती, ती साफ चुकली, कोकणातलं गणित तिकडे चालत नाही. हॉटेलवाल्याला विचारा, त्यांच्याकडे त्या दिवसाच्या वेळा असतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास असाल तर उधाणामुळे ओहोटीलाही पाणी जास्त आत जातं, तेव्हा मजा जास्त. पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात, दोन बोटांच्या चपलेने घसरणार म्हणजे घसरणार.

बाराटांगला जावं का

बाराटांग म्हणजे पोर्ट ब्लेअरच्या उत्तरेचं एक बेट, प्रत्येक पॅकेजमध्ये हे असतं. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, खारफुटीतून स्पीडबोट. पहाटे तीनला निघायचं, जिरकाटांगच्या चेकपोस्टवर रांगेत थांबायचं, सहाच्या सुमाराला पहिला गाड्यांचा ताफा सोडतात, आणि पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. फोटो काढायचा नाही, गाडी थांबवायची नाही, काच खाली करून काही द्यायचं नाही, आणि हे नुसते सांगण्यापुरते नियम नाहीत, गुन्हा दाखल होतो. जारवा जेमतेम काही शे उरलेत.

गुहा चांगल्या आहेत, खारफुटीच्या बोगद्यातून बोट जाते ते तर फारच सुंदर. पण आमच्या मागच्या सीटवरचे लोक पूर्ण रस्ताभर "दिसले का, दिसले का" करत होते, जणू ताडोबात वाघ बघायला आलेत, आणि मला ते ऐकून फार लाज वाटली. दुसऱ्या वेळी गेलोच नाही. सहा रात्रींची ट्रिप असेल तर मी तुम्हाला सोडूनच द्या म्हणेन.

पैसे, नेटवर्क, खाणं, बॅग

समुद्राखालून चेन्नईपर्यंत केबल टाकली २०२० मध्ये, तेव्हापासून इंटरनेट बरंच सुधारलंय, पण हॅवलॉक-नीलला कधी असतं कधी नसतं, आणि नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. रोख पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, चार माणसांना दहा-बारा हजार तरी हाताशी असू द्या. तिकिटं, हॉटेलचे कागद सगळे मोबाइलमध्ये डाउनलोड करून, शिवाय एक प्रिंट. वीज जाते मधूनमधून, टॉर्च असू द्या.

भाषेची चिंता नको, सगळीकडे हिंदी चालते. मासे खाणाऱ्यांची चंगळ, बंगाली पद्धतीची फिश थाळी, सुरमई, टूना, खेकडे. फक्त मोहरीच्या तेलाची सवय नसेल तर आधी विचारून घ्या. शाकाहारी लोकांचंही अडत नाही, डोसा-इडली, डाळ-भात, पोळी सगळं मिळतं, थोडं महाग, कारण बरंचसं सामान जहाजाने येतं. आईने नेलेले मेतकूट आणि चिवडा बोटी रद्द झाल्या त्या रात्री कामाला आले.

बॅगेत काय: पाण्याची स्वतःची बाटली, टोपी, सनस्क्रीन, लांब बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट, कारण उलटं पडून स्नॉर्केलिंग केलं की पाठ अशी भाजते की रात्री झोपता येत नाही. वाळूत सँडफ्लाय नावाची बारीक माशी असते, चावलेलं तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी लाल फोड येऊन आठवडाभर खाजतं, तेव्हा ओल्या वाळूत बसण्यापेक्षा चटई टाका, पायांना ओडोमॉस किंवा खोबरेल लावा. नेहमीची औषधं पूर्ण दिवसांची अधिक तीन दिवसांची. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय चालत नाही.

शेवटचा मोकळा दिवस

बोट वेळेवर सुटली आणि तुम्ही पोर्ट ब्लेअरला आलात, तर हा दिवस बक्षीस समजा. सकाळी बोटीने रॉस बेटावर जा, जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत पोचता. इंग्रजांचं मुख्य ठाणं होतं हे, चर्च, क्लब, बेकरी, आता सगळ्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी विळखा घातलाय आणि मधून हरणं फिरतात, हातातली पिशवी ओढतात. जुन्या लाल २० रुपयांच्या नोटेवर नारळाची झाडं आणि दीपस्तंभ होता आठवतोय? ते दृश्य इथलंच, नॉर्थ बेचं. दुपारी चॅथमची लाकडाची गिरणी, १८८३ ची आहे, आत पडौकचे लालसर ओंडके आणि दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या बॉम्बचा खड्डा बघायला मिळतो. मग चारला चिडियाटापूला सूर्यास्त, नाहीतर नुसतं अॅबरडीन बाजारात भटका.

खरेदी करायची तर बिलावर, सरकारी सागरिका दुकानातून. बीचवरून उचललेले शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे मात्र बॅगेत टाकू नका, विमानतळावर बॅग स्कॅन होते तेव्हा सगळं दिसतं. आमच्या भाचीने चार दिवस जमवलेली एक डबी होती, सेफ्टी पिनांची जुनी प्लास्टिकची डबी, कापूस घालून. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे उघडून बघितली, डबी आणि कापूस तिला परत दिला, आणि बाकीचं बाजूच्या खोक्यात ओतलं. खोकं निम्म्याच्या वर भरलेलं होतं, आणि सकाळचे अजून नऊही वाजले नव्हते.